मराठी लिंक पाठवली तरी समोरच्याला इंग्रजी पान उघडतंय, भाषा ओळखायची तरी कशी?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय घोळ कळणार नाही.

आम्ही चार-पाच जण मिळून कर्णबधिर मुलांच्या पालकांसाठी माहितीची साईट चालवतो. श्रवणयंत्र कसं लावायचं, कानातला मोल्ड (श्रवणयंत्राचा कानात बसणारा भाग) घट्ट झाला तर काय करायचं, घरी मुलाशी कसं बोलायचं, असं सगळं. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत आहे. पत्ते वेगवेगळे आहेत, /एमआर/, /एचआय/ आणि /ईएन/. मागच्या महिन्यात मी सर्व्हरवर असं बसवलं की कोणतंही पान उघडलं की आधी ब्राउझरची भाषा बघायची आणि त्या भाषेच्या पानावर ३०१ ने, म्हणजे आपोआप वळवणाऱ्या रिडायरेक्टने, पाठवून द्यायचं. मला वाटलं लोकांचं एक क्लिक वाचेल.

आता झालंय असं की एका आईने पालकांच्या ग्रुपवर मराठी पानाची लिंक टाकली आणि निम्म्या लोकांना ती इंग्रजीत उघडली. एका आजींनी तर फोन करून सांगितलं की बाई मला यातलं काही वाचता येत नाही. बरं, वरती भाषा बदलायचं बटण आहे, ते दाबलं तरी पुन्हा इंग्रजीच येतं असंही काही जण म्हणतात, माझ्याकडे मात्र नीट चालतं. आणि तिसरं म्हणजे गूगलवर मराठीत शोधलं की आमची मराठी पानं दिसायचीच बंद झालीत, आधी दिसायची.

मी काय चुकतेय? ब्राउझरऐवजी आयपीवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या नंबरवरून, ठरवू का? खरंच मदत हवीये, कारण ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांच्यापर्यंतच ते पोचत नाहीये.

रात्रपाळी

ताई, तिन्ही भानगडी एकाच जागेवरून आल्यात, त्यामुळे एका जागी दुरुस्त केलं की तिन्ही जातील. घाबरू नका.

आधी ब्राउझर काय पाठवतो ते बघू. प्रत्येक विनंतीबरोबर एक्सेप्ट-लँग्वेज नावाचा हेडर जातो, त्यात भाषांची यादी असते आणि प्रत्येकीला ० ते १ मधलं वजन असतं, म्हणजे मराठी १, नसेल तर हिंदी ०.९, तीही नसेल तर इंग्रजी ०.८, असं. वजन लिहिलेलं नसेल तर ते १ धरायचं. ऐकायला फार छान वाटतं, पण ही यादी सहसा माणसाने स्वतः भरलेली नसते, फोनची किंवा ब्राउझरची जी भाषा आहे तीच तिथे जाते. मराठी वाचणाऱ्या कितीतरी लोकांचा फोन इंग्रजीत असतो कारण दुकानातून आला तसाच त्यांनी वापरला. त्या आजींच्या फोनने तुमच्या सर्व्हरला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं की इंग्रजी द्या. हेडरमधून फोनचे मेनू कोणत्या भाषेत आहेत ते कळतं, माणूस कोणत्या भाषेत वाचतो ते कळतंच असं नाही. शिवाय काही ब्राउझर खासगीपणासाठी पूर्ण यादी न पाठवता एकच भाषा पाठवतात, म्हणजे दुसऱ्या नंबरवर मराठी ठेवलेली असली तरी ती तुमच्यापर्यंत येत नाही.

आता मुख्य चूक. कोणी /एमआर/ ची लिंक दाबली तर त्याने किंवा ती पाठवणाऱ्याने भाषा ठरवलेलीच आहे, पत्त्यातच लिहिलीये. त्यावर हेडर बघून दुसरीकडे नेणं म्हणजे माणसाने तोंडाने सांगितलेलं सोडून त्याच्या कपड्यांवरून अंदाज बांधणं. ज्या पत्त्यात भाषा आहे तिथून कोणालाही कुठेही हलवायचं नाही, हा एकच नियम पाळलात तरी ऐंशी टक्के तक्रारी आजच थांबतील. अंदाज बांधायचाच असेल तर तो फक्त मूळ पत्त्यावर, म्हणजे नुसतं साईटचं नाव टाकून कोणी आलं आणि भाषेबद्दल दुसरं काहीच माहीत नाही तेव्हा.

बटण काहींना चालत नाही त्याचं एक कारण हेच, बटणाने मराठी पानावर गेलं की सर्व्हर हेडर बघून परत इंग्रजीवर पाठवतो. दुसरं कारण ३०१. ३०१ म्हणजे "हे पान कायमचं हललं", आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो. एकदा का फोनने लक्षात ठेवलं की मराठी पान कायमचं इंग्रजीकडे गेलंय, की पुढच्या वेळी तो तुमच्या सर्व्हरला विचारतसुद्धा नाही, परस्पर इंग्रजीवर जातो. तुमच्या स्वतःच्या ब्राउझरची भाषा मराठी असेल म्हणून तुम्हाला हे कधी दिसलं नाही. भाषेसाठी कायम ३०२ वापरा, तो तात्पुरता असतो.

वाटसरू

आयपीचं विचारलंय म्हणून तेवढ्यापुरतं सांगतो, नका करू. आयपीवरून देश कळतो, तोसुद्धा व्हीपीएन (दुसऱ्याच ठिकाणाहून आल्याचं दाखवणारी जोडणी), परदेश प्रवास किंवा ऑफिसचं नेटवर्क असेल तर चुकतो. आणि देश कळून भाषा कुठे कळते? स्वित्झर्लंडमध्ये जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार राष्ट्रीय भाषा आहेत. आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतच २२ आहेत. मग भारतातला आयपी दिसला की काय दाखवणार?

मी पूर्वी खरेदीच्या साईट्सचं काम करायचो, तिथे तर कायदाच आडवा येतो. युरोपियन युनियनचा २०१८/३०२ नंबरचा नियम ३ डिसेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय त्याला दुसऱ्या देशाच्या आवृत्तीवर वळवायला विक्रेत्यांना मनाई आहे, आणि संमती दिली तरी आधी जी आवृत्ती उघडायची होती ती त्याला सहज उघडता आली पाहिजे. तुमची साईट काही विकत नाही म्हणून तुम्हाला लागू नाही, पण जबरदस्तीने वळवणं लोकांना किती त्रासदायक होतं म्हणून हे लिहावं लागलं असेल ते बघा.

देश लागतो तो चलन, डिलिव्हरी, कर यासाठी. भाषा वेगळी ठेवा, देश वेगळा ठेवा.

रात्रपाळी, तुझं एक मात्र पटलं नाही. मूळ पत्त्यावर तरी हेडर बघून ढकलायचं कशाला? तिथे तीन भाषांची तीन मोठी बटणं द्या आणि विषय संपवा.

रात्रपाळी

वाटसरू, बरोबर आहे, पण प्रत्येक साईटला ते लागू होईल असं नाही. तीन भाषा आहेत म्हणून बटणं चालतात. चाळीस भाषा असतील तर ते पान म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी होते. विकिपीडियाचं मुखपान बघ, तिथे भाषा निवडायचंच पान आहे, पण ब्राउझरच्या भाषा बघून त्यांना वरच्या दहांत जागा देतात. म्हणजे अंदाज वापरलाय, पण ढकलण्यासाठी नाही, क्रम लावण्यासाठी. आणि मराठी विकिपीडियाच्या लेखाची लिंक तू कोणत्याही भाषेच्या फोनवर उघड, मराठीच उघडते. दुसऱ्या टोकाला डेबियन या लिनक्स प्रणालीची साईट आहे, ती कित्येक वर्षांपासून हेडर बघूनच पान देते, पण पानाच्या तळाशी बाकी सगळ्या भाषांच्या लिंका असतात आणि ब्राउझरची भाषा कशी बदलायची हे समजावणारं वेगळं पानच त्यांनी लिहिलंय. त्यांचा वाचक तांत्रिक आहे, तो सेटिंग बदलू शकतो. ताईंच्या आजींना हे कोण सांगणार.

म्हणून या साईटसाठी तुझंच ऐकावं असं मलाही वाटतं. मूळ पत्त्यावर बटणं, आणि एकदा निवड केली की ती कुकीत, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदीत, ठेवायची म्हणजे पुढच्या वेळी थेट त्या भाषेत. कुकी ही माणसाने केलेली निवड आहे त्यामुळे तिच्यावरून मूळ पत्त्यावर ३०२ दिला तर काही चूक नाही. फक्त मध्ये सीडीएन (तुमच्या पानांच्या प्रती ठेवून त्या वाटणारे सर्व्हर) असेल आणि त्याला सगळं कॅश करायला, म्हणजे प्रत साठवून तीच पुन्हा द्यायला, सांगितलं असेल तर मूळ पत्ता त्यातून वगळा, नाहीतर पहिल्या माणसाला जी भाषा मिळाली तीच मागून येणाऱ्या सगळ्यांना मिळते. मी हे स्वतः भोगलंय, एका साईटवर अख्खी सकाळ सगळ्यांना जर्मन पान दिसत होतं आणि आम्ही कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो. हेडरवरून उत्तर बदलत असाल तर उत्तरासोबत व्हॅरी: एक्सेप्ट-लँग्वेज, म्हणजे "भाषेप्रमाणे वेगळी प्रत ठेवा" अशी सूचना, पाठवायला हवं, पण ते पाठवलं तरी सगळे सीडीएन ते मानतात असं नाही, आणि मानलं तर कॅशचे इतके तुकडे पडतात की कॅशचा उपयोगच राहत नाही, कारण प्रत्येक फोनचा हेडर अक्षराअक्षराने वेगळा असतो. त्यापेक्षा त्या एका पत्त्याला कॅशच नको.

दुवासाखळी

गूगलचं मी सांगते, माझं रोजचं काम आहे.

गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, बहुतेक वेळा अमेरिकेतल्या आयपीवरून येतो आणि एक्सेप्ट-लँग्वेज हेडर पाठवतच नाही. तुमच्या कोडमध्ये हेडर नसला की इंग्रजी असं लिहिलेलं असणार, बरोबर ना? मग बॉट मराठी पानावर आला, तुम्ही त्याला ३०१ देऊन सांगितलं की हे कायमचं इंग्रजीवर गेलं, आणि त्याने तुमच्यावर विश्वास ठेवून मराठी पानं काढून टाकली. रिडायरेक्ट काढलात की परत येतील, थोडे दिवस जातील पण येतील.

त्यानंतर एचरेफलँग टॅग लावा, म्हणजे या पानाची कोणत्या भाषेतली आवृत्ती कुठे आहे ते गूगलला सांगणारी ओळ. हा टॅग गूगलने २०११ च्या डिसेंबरात आणला. शोधणाऱ्याला त्याच्या भाषेची आवृत्ती निकालातच दाखवायची, म्हणजे साईटवर आल्यावर कुठे वळवायची वेळच येत नाही. माझ्या मते योग्य भाषेत माणूस आणण्याची सगळ्यात चांगली जागा हीच, दारात अडवण्यापेक्षा रस्त्यावरच पाटी. प्रत्येक पानाच्या हेडमध्ये तिन्ही आवृत्त्यांचे पूर्ण पत्ते द्यायचे, एचटीटीपीएसपासून पूर्ण, आणि त्यात ते पान स्वतःसुद्धा यायला हवं. मराठी पान हिंदीकडे बोट दाखवतंय पण हिंदी पान मराठीकडे दाखवत नाहीये असं झालं तर गूगल ती जोडी सोडून देतं, कारण नाहीतर कोणीही दुसऱ्याच्या साईटला आपली आवृत्ती म्हणू शकेल. चौथी ओळ एक्स-डिफॉल्टची (कोणतीच भाषा जुळली नाही तर कुठे जायचं ते सांगणारी), ती तुमच्या बटणांच्या पानाकडे, २०१३ मध्ये ही सोय अशाच पानांसाठी आली.

आणि कॅनॉनिकल टॅग, म्हणजे "या मजकुराचं मूळ पान कोणतं" ते सांगणारी ओळ, बघा बरं का. बरेच जण मराठी पानाचा कॅनॉनिकल इंग्रजी पानाला लावून ठेवतात, "मूळ पान तेच आहे" म्हणून. मग तुम्ही एका हाताने सांगता ही मराठी आवृत्ती दाखवा आणि दुसऱ्या हाताने सांगता हिला विचारात घेऊ नका. प्रत्येक भाषेच्या पानाचा कॅनॉनिकल ते पान स्वतः.

एचरेफलँगच्या भाषा-कोडमध्ये आधी भाषा मग देश असा क्रम आहे. नुसता देश चालत नाही. ब्रिटनसाठी लोक यूके लिहितात, तिथे जीबी लागतं. तुम्हाला देशाची गरजच नाही, नुसतं एमआर, एचआय, ईएन पुरे, मराठी जगात कुठूनही वाचली तरी मराठीच. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साईट चालवणाऱ्यांसाठीचं साधन) पूर्वी या चुका दाखवणारा रिपोर्ट होता तो २०२२ मध्ये बंद झाला, म्हणून दहा-बारा पानं हाताने तपासून बघाच.

कोरीपाटी

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, इतकं नीट कोणी समजावलं नव्हतं. दुवासाखळी ताई, अगदी तेच लिहिलंय कोडमध्ये, हेडर नसेल तर इंग्रजी. आणि हो, कॅनॉनिकल पण इंग्रजीलाच लावलेत, आत्ता बघितलं.

एक शंका. इंग्रजी पानावर आलेल्या माणसाचा ब्राउझर जर मराठी सांगत असेल तर त्याला काहीच सांगायचं नाही का? आणि ज्यांच्या फोनने ते ३०१ आधीच लक्षात ठेवलंय त्यांचं काय करू? त्यांना कॅश साफ करा म्हणून कसं सांगणार.

रात्रपाळी

सांगायचं, पण विचारायचं, ओढायचं नाही. पानाच्या वर एक पट्टी, "हे पान मराठीतही आहे", आणि ते वाक्य मराठीत लिहायचं, इंग्रजीत नाही, कारण ते ज्याच्यासाठी आहे त्याला तेच वाचता येतं. पट्टी एकदा बंद केली की पुन्हा दाखवायची नाही. आणि तिने पूर्ण पान झाकू नये.

३०१ चं, तुमच्या हातात त्यांच्या फोनची कॅश नाही, पण पत्ता तुमच्या हातात आहे. /एमआर/ च्या जागी नवीन पत्ता घ्या, /मराठी/ किंवा काहीही, आणि साईटवरच्या सगळ्या लिंका नव्या पत्त्यावर न्या. हिंदीचंही तसंच. नवीन पत्त्याबद्दल फोनने काहीच लक्षात ठेवलेलं नाही म्हणून बटण लगेच चालेल. जुन्या पत्त्यावरून नव्यावर रिडायरेक्ट ठेवा, इथे मात्र ३०१ च बरोबर, कारण हे खरंच कायमचं हललंय. एचरेफलँगमध्ये कोड एमआरच राहील, पत्ता काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. इंग्रजी पत्त्यावरून उलट जुन्या मराठी पत्त्याकडे रिडायरेक्ट टाकायचा मोह होईल, तो टाळा, ज्यांच्याकडे जुनं साठवलेलं आहे ते दोन पानांमध्ये गोल गोल फिरत राहतील.

कानाचा_वाचक

मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरतो, दिसत नाही मला. भाषेच्या साईट्सबद्दल इतकं बोलणं चाललंय तर आमच्या बाजूचंही लिहितो.

पान बरोबर भाषेचं मिळालं तरी एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या कोडच्या, सुरुवातीला लँग (पानाची भाषा सांगणारी खूण) चुकीचं असेल तर माझ्यासाठी ते पान चुकीच्याच भाषेत असतं. इंग्रजी साचा घेऊन त्यात मराठी मजकूर भरलेला असतो आणि वर लँग ईएन तसंच राहिलेलं असतं. मग इंग्रजी आवाज मराठी वाचायला जातो आणि एकतर गप्प बसतो किंवा काहीतरी भलतंच बोलतो. एचआय लिहिलेलं असलं तर हिंदी आवाज मराठी वाचतो, तेही दुखतं, "चमचा" आणि "जग" यातले च आणि ज ऐका एकदा त्या आवाजात, परक्या माणसाने आपली भाषा वाचल्यासारखं. लिपी एकच आहे म्हणून मशीनला आपोआप कळत नाही, सांगावं लागतं. डब्ल्यूसीएजी या, अपंगांनाही साईट वापरता यावी म्हणून केलेल्या नियमावलीत पानाची भाषा सांगणं हे सगळ्यात खालच्या, म्हणजे किमान पातळीवर आहे, ३.१.१ क्रमांकाला.

दिसणाऱ्यांनाही याचा फायदा होतो असं मला एका अक्षररचना करणाऱ्या मित्राने सांगितलं. चांगल्या देवनागरी फाँटमध्ये ल आणि श ची मराठी वळणं वेगळी असतात, लँग एमआर असेल तरच फाँट ती वापरतो.

आणि भाषेच्या बटणावर झेंडे नका लावू. मला झेंड्याच्या जागी देशाचं नाव ऐकू येतं, "भारत", आता ती मराठी की हिंदी? भाषेचं नाव त्याच भाषेत लिहा, मराठी, हिन्दी. इंग्रजी पानावर "मराठी" असं देवनागरीतच लिहायचं आणि त्या लिंकलासुद्धा लँग एमआर द्यायचं, म्हणजे तेवढा शब्द मराठी आवाजात येतो. बटण पानाच्या वरच असू द्या. तळाशी असलं तर तिथे पोचेपर्यंत मला न कळणारं अख्खं पान ऐकावं लागतं.

अजून एक, बटण दाबलं की त्याच पानाची दुसरी भाषा उघडली पाहिजे. मोल्डचं पान वाचताना मराठी दाबलं आणि मुखपृष्ठावर जाऊन पडलो तर पुन्हा शोधायचं कुठून? बऱ्याच साईट्सवर हे होतं आणि मी तिथूनच परत फिरतो.

कोरीपाटी

दादा, तुमचं वाचून लगेच बघितलं, आमच्या सगळ्या मराठी पानांवर लँग ईएन आहे. साचा इंग्रजीच घेतला होता. तुम्ही सांगितलं नसतं तर कधीच लक्षात आलं नसतं, आणि आमच्याकडे वाचणाऱ्या काही आजी-आजोबांना दिसायचाही त्रास आहे, ते फोनकडून वाचून घेतात. आज रात्री पहिलं तेच करतेय.

कोरीपाटी

आठवड्याने परत आलेय. रिडायरेक्ट सगळे काढले, पत्ते बदलले, मूळ पत्त्यावर तीन बटणं आणि कुकी, लँग आणि कॅनॉनिकल दुरुस्त, एचरेफलँग लावले. पट्टी पण केली. त्या आजींना नवीन लिंक पाठवली आणि मराठीतच उघडली, त्यांनी मोल्ड धुवायचं पान नातवाला मोठ्याने वाचून दाखवलं म्हणे. गूगलवर मराठी पानं एकेक करून दिसायला लागलीत, सगळी नाही अजून.

एकच अडलंय. आमची अकरा पानं हिंदीत झालेलीच नाहीत. तिथे हिंदीचं बटण दाबलं तर काय दाखवू? सध्या इंग्रजी पान दाखवतेय.

दुवासाखळी

इंग्रजी नको, आणि हिंदी पत्त्यावर इंग्रजी मजकूर तर अजिबात नको, गूगल आणि माणूस दोघंही गोंधळतात. हिंदीत दोन ओळी लिहा की हे पान अजून हिंदीत झालं नाही, मराठीत आणि इंग्रजीत आहे, आणि दोन्हीच्या थेट लिंका द्या. कोणती वाचायची ते त्यांना ठरवू द्या, हिंदी वाचणाऱ्याला इंग्रजीपेक्षा मराठी जवळची वाटू शकते. त्या अकरा पानांच्या एचरेफलँगमध्ये हिंदीची ओळ टाकू नका, आणि त्या निरोपाच्या पानाला नोइंडेक्स लावा, म्हणजे ते गूगलच्या निकालात येणार नाही. भाषांतर झालं की दोन्ही बदला.

कानाचा_वाचक

आणि त्या दोन ओळींना लँग एचआय द्यायला विसरू नका. हिंदी भाषांतर वाचून तपासायला कोणी हवं असेल तर मी करेन, माझं शिक्षण हिंदीत झालंय.

कोरीपाटी

हो दादा, नक्की हवंय. तुम्हाला मेसेज करते, पहिली तीन पानं या रविवारपर्यंत पाठवते.